जुना प्रोसेसर, नवी भिंत
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



आपल्या बॅचने शाळेच्या सभागृहाला एलईडी भिंत द्यायचं ठरवलं आहे. माझा धंदा हाच, म्हणून समितीने मला बोलायला सांगितलं. वर्गणी तुम्ही सगळ्यांनी काढली आहे, तेव्हा पैसा कुठे वाचतो आणि कुठे अडकतो हे तुम्हाला कळायला हवं.

पोहरादेवीची यात्रा असो, कारंज्यातला उत्सव असो की वाशिममधलं लग्न, स्टेजमागे दिसणारी भिंत दोन वस्तूंवर चालते. एक म्हणजे पॅनल. दुसरी म्हणजे बाजूच्या टेबलावरचा डबा, म्हणजे प्रोसेसर. कॅमेरा किंवा लॅपटॉपचं चित्र तो भिंतीच्या मापात बसवतो आणि नेटवर्कच्या वायरीने पॅनलकडे पाठवतो. प्रत्येक पॅनलच्या आत एक रिसीव्हिंग कार्ड असतं, ते हे चित्र उचलतं.

गोम इथे आहे. वायर सगळीकडे तीच, साधी इंटरनेटची. पण त्या वायरीतून जाणारी भाषा प्रत्येक कंपनीची आपापली. नोव्हास्टारचा डबा कलरलाइटच्या कार्डाशी बोलत नाही, आणि लिन्सनचा या दोघांशीही नाही. त्यामुळे पॅनल बदलले की दुकानदार म्हणतो, "प्रोसेसरही नवा घ्या." चालू स्थितीतला डबा मग कपाटात जातो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पटणार नाही. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्याचा आणि पेरणीयंत्र गावातल्या वर्कशॉपचं असलं तरी मागच्या तीन पिनांवर सगळं बसतं, कारण ती जोडणी ठरलेल्या मापाची आहे. व्हिडिओमध्येही अशी ठरलेली जोडणी आहे, फक्त ती डब्याच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. डीव्हीआय १९९९ साली आलं, एचडीएमआय २००२ साली. ही दोन्ही सर्व कंपन्यांना समान आहेत. जुना डबा वाचवायचा तो याच जोरावर.

त्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला. जुन्या डब्याच्या मागे एचडीएमआय किंवा डीव्हीआयचं आउटपुट असेल, तर त्याला चित्र बदलण्याच्या आणि मापात बसवण्याच्या कामाला ठेवा. त्याचं आउटपुट नव्या कंपनीच्या साध्या सेंडिंग डब्याला द्या. पॅनलशी बोलायचं काम तो करेल. आउटपुट नसेल तर हा रस्ता बंद. आणखी एक, कॉपीराइटचं कुलूप असलेलं चित्र अशा साखळीत कधी कधी काळं पडतं. आधी तपासून घ्या.

दुसरा. डबा तोच ठेवा आणि पॅनलमधली रिसीव्हिंग कार्डं बदला. साध्या कार्डांवर मॉड्यूलची १६ पिनांची पट्टी बहुतेक एकसारखी असते, तिथे हे सोपं जातं. पण काही पॅनलांत कार्ड वेगळ्या कनेक्टरने आतल्या बोर्डावर बसतं. तिथे आधी एक पॅनल उघडून पाहावं, मगच बाकीच्यांची ऑर्डर द्यावी. नव्या कार्डाला मॉड्यूलची चिप आणि स्कॅन सांगणारी कॉन्फिग फाइल लागते. ती नसेल तर चित्राचे तुकडे इकडचे तिकडे दिसतात.

तिसरा. मोठ्या शहरातले भाडेवाले जुनी भिंत काढतात, तेव्हा आपल्या डब्याच्याच कंपनीची कार्डं असलेले पॅनल घ्यायचे.

आता आपला हिशेब. सभागृहाला ५ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे साधारण १६ बाय १० फुटांची भिंत पुरे. अर्ध्या मीटरचे ६० पॅनल लागतील. ३.९१ पिचच्या एका पॅनलमध्ये १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ ठिपके असतात. एकूण झाले ९,८३,०४०. प्रोसेसरची एक वायर साधारण साडेसहा लाख ठिपके वाहते. म्हणजे दोन वायरी बस झाल्या. इतकं काम दोन पोर्टचा जुना डबासुद्धा आरामात करतो. गणिताच्या सरांनी शिकवलेल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे यात काही नाही, पण हा हिशेब कोटेशनमध्ये कोणी मांडून देत नाही.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. कोटेशन घेताना चार गोष्टी लेखी मागा. पॅनलमध्ये कोणत्या कंपनीचं कोणतं कार्ड आहे ते. त्याची कॉन्फिग फाइल पेनड्राइव्हवर. त्याच बॅचची काही जादा मॉड्यूल, कारण नंतर घेतलेल्यांचा रंग जुळत नाही. आणि दोन जादा रिसीव्हिंग कार्डं. जो हे द्यायला कचरतो, त्याच्याकडून घेऊ नये. आज पाच-दहा हजार कमी पडतील, पण उद्या एक कार्ड गेलं तर शाळेचा कार्यक्रम अंधारात जाईल.

प्रोसेसर विकत घेऊ नका. माझ्याकडे दोन पोर्टचा जुना डबा आहे, तो मी शाळेला देतो. पॅनल त्याला जुळणाऱ्या कार्डांचेच मागवू, म्हणजे प्रोसेसरचे पैसे जादा मॉड्यूलला वापरता येतील.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. जुनी वस्तू नोंदणीकृत केंद्राकडे जावी हे बरोबरच आहे. पण चालणारी वस्तू कचऱ्यात जाऊच नये, हे त्याहून बरोबर.

शेवटचं. भिंत बसवताना नववीची चार-पाच मुलं-मुली माझ्यासोबत द्या. पॅनल उघडणं, वायर लावणं, फाइल चढवणं त्यांना दाखवीन. भिंतीचं आयुष्य संपेल, पण ते शिकलेलं त्यांच्याकडे राहील. आपल्या गुरुजनांनी आपल्याला तेच दिलं.