दारच्या झाडांवरची कीड



शेतातल्या किडीवर आपण नेहमीच बोलतो. आज दारातली तुळस, जास्वंद आणि कढीपत्ता यांच्याकडे वळू. शिरवळ भागात यांतलं एखादं तरी झाड बहुतेक घरी असतंच. त्यावर कीड दिसली की पुष्कळजण शेतात उरलेलं औषध आणून मारतात. तसं करू नका. का, ते शेवटी सांगतो.

आधी कीड ओळखा.

पिठ्या ढेकूण : शेंड्याला आणि पानांच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखा दिसतो. शेंडा आखडतो. जास्वंदीवरचा हा ढेकूण भेंडी आणि कपाशीवरही जातो.

मावा : कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे. पानं चिकट होतात, काळी बुरशी धरते. झाडावर मुंग्यांची रांग दिसली, तर मावा किंवा ढेकूण शोधाच.

लाल कोळी : उन्हाळ्यात याचा जोर. पानावर बारीक फिकट ठिपके, खालून जाळी. पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर कोळी समजा.

कढीपत्त्यावरची अळी : लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी, मोठी झाल्यावर हिरवी. लिंबावरही हीच येते.

आता उपाय. अळ्या हातानं वेचा. मावा आणि कोळी यांवर पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार मारा. ढेकणाच्या अंगावर मेणचट पीठ असतं, नुसतं पाणी घसरून जातं. म्हणून साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा. फार लागलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उकिरड्यावर टाकू नका.

एवढ्यानं भागलं नाही, तर ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, २ ग्रॅम साबण मिसळा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. मग संध्याकाळी सगळ्या झाडावर फवारा, आठवड्यानं पुन्हा एकदा. तणनाशकाचा पंप वापरू नका. ढालकिडे दिसले तर थांबा. ते मावा खातात.

आता विषाची गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर मोकळं रान होतं. इथं झाड उंबऱ्याशी आहे, पोरं तिथंच खेळतात. तुळशीचं पान तोंडात जातं, कढीपत्ता फोडणीत पडतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. मग ते कढीपत्त्यावर कसं चालेल?

रोज तुळशीला पाणी घालताना दोन पानं उलटून बघा. कीड थोडी असतानाच सापडली, तर फडकं आणि साबण पुरतो.