वादळानंतरची मुले



३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पडलेल्या झाडांचे, उडालेल्या कौलांचे पंचनामे झाले. त्या घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मनाचा पंचनामा कोणत्या कागदावर होणार?

त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला होता आणि निकाल लागला २९ जुलैला. वादळ आले तेव्हा ही मुले निकालाच्या प्रतीक्षेत होती. शाळा बंद, गावात वीज नाही. पोफळ लावल्यावर सुपारी हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात, हे वाडीतल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. ‘आपले शिक्षण घराला झेपेल का?’ हा प्रश्न त्याच्या मनात येतो. ओठांवर मात्र येत नाही.

ताण हा मुळात शत्रू नव्हे. संकट जाणवताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात आणि माणूस सावध होतो. परंतु हा ताण आठवडेच्या आठवडे उतरला नाही, तर झोप उडते, अन्न गोड लागत नाही, चिडचिड वाढते. त्यातच आवेग आवरणारा मेंदूचा पुढील भाग विशी उलटल्यावरच परिपक्व होतो. म्हणून उलट उत्तर देणाऱ्या मुलाला उद्धट ठरविण्यापूर्वी घराने क्षणभर थांबावे.

मग करावे काय? घरची परिस्थिती मुलापासून लपवू नये. त्याला पेलेल अशा शब्दांत सांगावी. वाडी पुन्हा उभी करताना त्याच्याही हाती कुदळ द्यावी. कामाने असहायता ओसरते. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना टाळावी. आठ ते दहा तासांची झोप मिळू द्यावी. मुख्य म्हणजे, उपदेश बाजूस ठेवून त्याचे ऐकावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर एक दिवसही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

पोफळीचे कोवळे रोप भर उन्हात करपते, म्हणून बागायतदार त्याला केळीची सावली देतो. पुढे तेच झाड उन्हात ताठ उभे राहते. ती सावली होणे, एवढेच घराचे काम आहे.