डोळा खाजतो की खुपतो?



वसंत व्याख्यानमालेत वसंतावरच बोलावे असा काही दंडक नाही. परंतु आज मी ज्या रोगांविषयी बोलणार आहे, त्यांतील एकाच्या नावातच वसंत आहे. लहान मुलांच्या, त्यातही मुलग्यांच्या, डोळ्यांना उन्हाळ्याच्या तोंडाशी जी भयंकर खाज सुटते, तिला डॉक्टर लोक ‘व्हर्नल’, म्हणजे वासंतिक, नेत्रदाह म्हणतात. थंड देशांत हा रोग वसंताबरोबर येतो आणि बहुधा हिवाळ्यात निघून जातो. आपल्यासारख्या उष्ण देशात तो पुष्कळदा वर्षभर मुक्काम ठोकतो.

मी डॉक्टर नाही. संघटनेचे काम करणारा माणूस आहे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. मग हा विषय मी का घ्यावा? त्याचे कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आमच्या कचेरीत दोघेजण आले. एक यंत्रमागावरचा कामगार, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. मुलाच्या औषधपाण्याच्या खर्चाचे काही होईल का, हे विचारायला. दुसऱ्या एक बाई, पन्नाशीच्या, दिवसभर संगणकावर नोंदी करणाऱ्या. त्यांचा प्रश्न रजेचा. मुलाचे डोळे लाल, बाईंचेही लाल. दोघांच्याही डोळ्यांना पाणी. आणि गंमत अशी, की दोघांकडेही एकाच औषधाची बाटली होती, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानातून आणलेली. बाईंना त्याखेरीज रोज रात्री एक ॲलर्जीची गोळी दिलेली होती. मुलाला ते थेंब वर्षाहून अधिक काळ चालू होते.

दोघांनाही मी नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. त्यांनी बाईंना पहिलाच प्रश्न विचारला, “डोळा खाजतो की खुपतो?” बाई म्हणाल्या, “खाज नाही हो. वाळू गेल्यासारखं खुपतं, आणि संध्याकाळी तर आग होते.” मुलाला विचारण्याची गरजच पडली नाही. तो दोन्ही मुठींनी डोळे चोळत बसला होता.

मंडळी, अर्धे निदान या एका प्रश्नात आहे. ते का, हे आता पाहू.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने रूढ केला. आपल्याकडे ‘वावडे’ हा शब्द आहेच. गिरणीच्या दारावरचा पहारेकरी पोस्टमनलाच चोर समजला आणि त्याने भोंगा वाजवला, तर आत जो गोंधळ उडेल तोच येथे उडतो. परागकण, घरातली धूळ, मांजराचे केस, गाजरगवत या वस्तू बहुतेकांच्या डोळ्यांना काही करीत नाहीत; पण एखाद्याच्या शरीरातील पहारेकरी पेशी त्यांना शत्रू समजतात आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्या द्रव्याने खाज सुटते, पापण्या सुजतात, पाणी वाहते. सोबत बहुधा शिंका आणि नाकाची खाज असते. त्रास ऋतूप्रमाणे किंवा जागेप्रमाणे वाढतो. वासंतिक प्रकारात तारेसारखा चिकट चीप येतो. खाज हे याचे मुख्य चिन्ह. खाज मुळीच नसेल, तर ॲलर्जीचा संशय फार कमी धरावा.

आता कोरडा डोळा. ‘डोळ्यांत तेल घालून राखण करणे’ असे आपण म्हणतो. निसर्गाने प्रत्येकाच्या डोळ्यांत खरोखरीच तेल घातले आहे. अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत अंश, मग पाणी आणि सर्वांत वर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारे तेल, अशी ती रचना आहे. रश्श्यावर तेलाचा तवंग असला की वाफ लवकर जात नाही, तसेच हे. तेल कमी पडले तर पाणी उडून जाते. मुळात पाणीच कमी असले तर तेल तरी काय करणार? पापणी मिटताना हा थर पुन्हा सारवला जातो. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यात वरून पंख्याचा झोत!

मग कोरड्या डोळ्यातून पाणी कसे येते, असे आपण विचाराल. डोळा कोरडा पडून चुरचुरू लागला की अश्रुपिंड घाईघाईने पाण्याचा लोंढा सोडतो. पण ते नुसते पाणी. टिकत नाही, गालावर ओघळून जाते. या फसव्या पाण्यामुळेच लोक ॲलर्जी समजतात. कोरडेपणाच्या खुणा वेगळ्या आहेत. खुपणे, जळजळ, संध्याकाळी व वाचताना वाढणारा त्रास, आणि दृष्टी मधूनच धूसर होऊन पापणी मिटताच स्वच्छ होणे. पाळी गेलेल्या स्त्रिया, वयस्क माणसे, मधुमेही आणि सांधेवाताचे रोगी यांत हा विकार अधिक.

डॉक्टरांनी बाईंच्या खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवली. शिर्मर या जर्मन डॉक्टराची ही १९०३ ची युक्ती. ५ मिनिटांत पट्टी निदान १० मिलिमीटर भिजावी. बाईंची ४ मिलिमीटर भिजली. आणि ऐका, ॲलर्जीच्या पुष्कळशा गोळ्या अश्रूंचे पाणी कमी करतात! म्हणजे दुष्काळात बाई रोज रात्री विहीर उपसत होत्या. गोळी थांबली, कृत्रिम अश्रूंचे थेंब व पापण्यांवर ऊन पाण्याच्या फडक्याचा शेक सुरू झाला, पंख्याची दिशा बदलली, आणि दीड-दोन महिन्यांत त्या सावरल्या.

मुलाचे मात्र तसे झाले नाही. त्याची ॲलर्जी खरी होती, पण त्या बाटलीत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने खाज झटकन थांबते. मात्र बऱ्याच जणांत डोळ्याच्या आतील दाब गुपचूप वाढतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि काचबिंदू होऊन बसतो. पोराच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली. ती परत येत नाही. उजवा डोळा वेळेवर हाती लागला. बाप मला म्हणाला, “अण्णा, थेंब घातला की पोरगं शांत झोपायचं. मग मी का थांबवू?” याला मी काय उत्तर देणार? त्याने अडाणीपणा केला असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात ताटकळण्यापेक्षा कोपऱ्यावरचे दुकान त्याला परवडत होते.

म्हणून थोडक्यात सांगतो. खाज असेल तर चोळू नका. चोळून बुबुळाचा आकार बिघडू शकतो. थंड पाण्याची घडी ठेवा, कामावरून आल्यावर तोंड धुवा. खुपत असेल तर दर वीस मिनिटांनी नजर लांब टाका व पापण्या पूर्ण मिटा. दोन्ही विकार एकत्रही असतात. तेव्हा घरच्या निदानावर औषध ठरवू नका. तीव्र वेदना, उजेड न सोसणे, नजर कमी होणे किंवा एकच डोळा लाल होणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि काही मागण्या आपण सर्वांनी मिळून करायच्या आहेत. पडद्यावर काम करणाऱ्यांना डोळ्यांसाठी विश्रांती हवी, मागाच्या शेडमधला कापसाचा तूस बाहेर काढणारी व्यवस्था हवी, आणि डोळ्यांचा दवाखाना संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, उघडा हवा. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे अशी स्टेरॉइडची औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. नियम आहे, तो पाळला जातो की नाही, हे गिऱ्हाइकाने पाहायचे.

आज घरी गेल्यावर कपाटातली थेंबांची बाटली काढा. तिच्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिले असेल, तर ते औषध स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका आणि मनानेच बंदही करू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा व डोळ्याचा दाब मोजून घ्या. अक्षर बारीक असते. घरात शिकणारे मूल असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या.