संगणकाने घेतलेला संशय

मुलांना पाळणाघरात ठेवणाऱ्या पालकांना नेदरलँड्सचे सरकार भत्ता देते. कोणत्या अर्जात गैरप्रकाराची शक्यता अधिक, हे तिथल्या कर विभागाची संगणकप्रणाली सुचवत असे. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिचा एक निकष होता.

फॉर्ममधल्या किरकोळ चुकांपायीही हजारो कुटुंबांकडे आधी दिलेला भत्ता परत मागितला गेला. कित्येक कुटुंबे कर्जात बुडाली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माहिती संरक्षण प्राधिकरणाने कर विभागाला २७.५ लाख युरोंचा दंड ठोठावला.

मग अशा यंत्रणांना वेसण कशी घालायची?

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते. नको असलेले ई-मेल गाळणाऱ्या प्रणालीला त्यात फारशी बंधने नाहीत. पण नोकरभरती, कर्ज किंवा सरकारी लाभ ठरवणाऱ्या प्रणालींवर माणसाची देखरेख आणि कामाची नोंद सक्तीची करण्याची तरतूद आहे. वागणुकीवरून नागरिकांना गुण देऊन त्यांच्याशी अन्यायाने वागण्यास फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. बंदी मोडल्यास दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो.

ॲमस्टरडॅम महापालिकेने तर २०२० मध्येच आपल्या संगणकप्रणालींची जाहीर नोंदवही सुरू केली. कोणती प्रणाली कशासाठी आणि कोणत्या माहितीवर चालते, हे तिथे कोणीही पाहू शकतो.