अपहरणपटातील ताण कोठून येतो?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



अपहरणाचा चित्रपट पाहताना आपण श्वास रोखून का बसतो? मोटारींचा पाठलाग, अंधारी गोदामे, रोखलेली पिस्तुले ही उत्तरे चटकन सुचतात. परंतु आमच्या मते खरा ताण या सामग्रीत नसतो. कोणा एका माणसाला जो निर्णय टाळता येत नाही, त्यात तो असतो. अकिरा कुरोसावा यांचा १९६३ सालचा ‘हाय अँड लो’ हा जपानी चित्रपट याचे उत्तम उदाहरण होय. मूळ जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’.

गोंदो हा पादत्राणांच्या कंपनीतील बडा अधिकारी. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने राहते घरही गहाण टाकून रक्कम उभी केलेली. अशा वेळी फोन येतो : मुलगा माझ्या ताब्यात आहे, ३ कोटी येन द्या. गोंदो तत्काळ कबूल होतो. पण त्याचा मुलगा तर घरीच असतो. चुकून पळवला गेलेला असतो त्याच्या मोटारचालकाचा मुलगा. चूक कळूनही गुन्हेगार मागणी सोडत नाही.

आता प्रश्न बदलतो. परक्याच्या लेकरासाठी आपण धुळीस मिळावे काय? चित्रपटाचा जवळजवळ पहिला तासभर एका दिवाणखान्यात घडतो. पडदे ओढलेले, कारण टेकडीवरचे हे घर खालच्या वस्तीतून दिसते. फोन वाजतो आणि सारे स्तब्ध होतात. मोटारचालक मालकापुढे गुडघे टेकतो, पत्नी विनवते, आणि गोंदोबरोबर आपणही मनातल्या मनात हिशेब करू लागतो. गुन्हेगाराचे तर अद्याप दर्शनही नाही!

दुसरे बळ बारीक तपशिलाचे. गोंदो मूळचा चांभारकाम जाणणारा कारागीर. पैशांच्या बॅगांत खुणेच्या पुड्या दडवायच्या ठरतात, तेव्हा तो आपली जुनी हत्यारे काढून त्या स्वतः शिवतो. एका शब्दावाचून कळते, की हा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर आला. पुढे धावत्या आगगाडीत केवळ ७ सेंटिमीटर उघडणाऱ्या खिडकीतून त्या बॅगा बाहेर टाकायच्या असतात. अडचण जितकी नेमकी, तितकी उत्कंठा तीव्र. कृष्णधवल चित्रात एका धुराड्यातून गुलाबी धूर निघतो, तेव्हा तो एकच रंग अंगावर शहारा आणतो.

तिसरी गोष्ट अशी, की मूल सुखरूप परतल्यावरही चित्रपट संपत नाही. गोंदोचे घर जाते, तपास चालू राहतो, आणि वरच्या शुभ्र घराकडे पाहत उकाड्यात जळणारा एक तरुण आपल्याला दिसतो. अखेरीस दोघे काचेच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात. गुन्ह्याचे समर्थन कोठेही नाही. पण दोघांतील अंतर मनाला टोचत राहते.

याच कथेवर १९७७ साली राज सिप्पी यांनी ‘इन्कार’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात उद्योगपतीच्या भूमिकेत आपले डॉ. श्रीराम लागू होते, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते.

सारांश, चांगला अपहरणपट ‘मूल सुटेल काय?’ एवढेच विचारीत नाही. ‘त्याच्या जागी तुम्ही काय केले असते?’ असे तो विचारतो. आणि ते उत्तर चित्रगृहाबाहेर पडल्यावरही आपल्याला सहजासहजी सापडत नाही.