नादकाटा आणि घडी केलेलं फडकं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘तुझ्या गाणी ऐकण्याच्या वेडाबद्दल बोल, पण गाऊ नकोस’ अशी तंबीही दिली आहे. सहावीच्या स्नेहसंमेलनात मी गायलो होतो, ते यांना अजून आठवतंय. तेव्हा गात नाही. स्पीकरच्या खाली काय ठेवावं, एवढ्या एकाच गोष्टीवर बोलतो.

हसू नका. मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला बाजूला घेऊन एकच तक्रार सांगितली. निवृत्तीनंतर हौसेनं चांगली सिस्टीम घेतली, दुकानात सुरेख वाजली, घरी आणली तर नुसती घुमते. तबल्यातला डग्गा कुठे संपतो आणि तंबोरा कुठे सुरू होतो, तेच कळत नाही.

याचं उत्तर आपल्याला नववीतच मिळालं होतं. विज्ञानाचे आपले सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही नादकाटा रबरावर आपटून हवेत धरला होता. मागच्या बाकांपर्यंत काहीच ऐकू आलं नाही. मग त्याचा दांडा टेबलावर टेकवलात आणि सगळा वर्ग त्या आवाजानं भरून गेला. तिसऱ्यांदा तुम्ही फळा पुसायचं फडकं घडी करून टेबलावर ठेवलंत, दांडा त्यावर टेकवलात, आणि आवाज पुन्हा गेला. तुम्ही म्हणालात, ‘काटा तोच आहे. मघाशी वाजत होतं ते टेबल.’

आपण वहीत आकृती काढली आणि विसरून गेलो. मी तर पस्तीस वर्षं विसरलो होतो. आठवण करून दिली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी.

झालं असं. मी सिस्टीम घेतली आणि दोन्ही स्पीकर दिवाणखान्यातल्या लाकडी शोकेसवर ठेवले. रोज रात्री जेवणानंतर तासभर ऐकायचो. एक दिवस काकू वर आल्या. म्हणाल्या, ‘गाणं चांगलं असतं हो तुमचं, पण ह्यांच्या पलंगाला धक्के बसतात.’ काका तेव्हा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अंथरुणालाच होते. मी काय उत्तर द्यावं? म्हणालो, ‘काकू, आवाज अगदी लहान असतो. आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येत नाही.’ हे खरं होतं, आणि तरीही ते उत्तर वाईट होतं. काकू काही न बोलता खाली गेल्या. त्यानंतर जिन्यात भेटल्या तरी मान वळवून जायच्या. आमच्या घरी चतुर्थीला त्यांच्याकडून मोदक यायचे, तेही थांबले.

दोनेक महिन्यांनी काकांना बघायला म्हणून खाली गेलो. वर आमच्या हिने नेहमीसारखी सीडी लावलेली होती. खोलीत गाणं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मी सहज पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर हात ठेवला, आणि तळहाताला डग्गा लागला. एकेक ठोका मोजता येत होता. पलंग भिंतीला टेकलेला, भिंत स्लॅबला जोडलेली, आणि स्लॅबवर माझं शोकेस. आमच्या घरातला काटा काकांच्या उशाशी टेकवलेला होता.

आता यामागचं कारण. स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा खोका तितक्याच जोरानं मागे ढकलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम, पाच गुणांचा प्रश्न. खोका जड असल्यामुळे फार थोडा हलतो, पण जे हलणं होतं ते खालच्या वस्तूत उतरतं. ती वस्तू पोकळ लाकडी असेल तर तीच वाजायला लागते. म्हणजे शोकेस हा तुमचा तिसरा स्पीकर होतो, आणि तो विकत घेताना तुम्ही त्याचा आवाज तपासलेला नसतो. खालचे स्वर लांबतात आणि त्यांच्याखाली बाकीचं गाणं झाकलं जातं.

उपाय म्हणजे सरांचं फडकं. बाजारात आयसोलेशन प्लॅटफॉर्म नावानं तेच मिळतं. वर एक घट्ट पाट, त्याखाली रबर किंवा स्प्रिंग. किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि कुठे थांबते ते विचारू नका. मी घरीच करायचं ठरवलं. ओट्याच्या कामातून उरलेली कडप्पा फरशी आणली. दोन फूट बाय दीड फूट, पाऊण इंच जाड, म्हणजे प्रत्येकी सुमारे १४ किलो. खाली काय ठेवायचं यात मात्र दोनदा फसलो.

पहिल्यांदा कडक रबराचे तुकडे लावले. ते दबलेच नाहीत, म्हणून काही फरकही पडला नाही. नंतर गादीचा फोम लावला. तो आठवड्यात पार चपटा झाला आणि पुन्हा पहिल्यासारखंच. तेव्हा हिशेब समजून घेतला. तो सोपा आहे, लिहून घ्या.

वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते मोजा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १६ ला त्यानं भागा. जो आकडा येतो तितक्या हर्ट्झला ती स्प्रिंग स्वतः डोलते. १ मिलिमीटर दबली तर १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबली तर ८ हर्ट्झ. रबराची कंपनसंख्या या हिशेबापेक्षा थोडी जास्तच भरते. या आकड्याच्या साधारण दीडपटीपर्यंत आधाराचा उपयोग नाही. उलट त्याच आकड्यावर हालचाल वाढते, कारण तिथे अनुनाद होतो. त्याच्या वर गेलं की कंपनं अडायला लागतात. ८ हर्ट्झच्या स्प्रिंगवर ४० हर्ट्झचा स्वर वाजला, तर कागदावर त्याच्या धक्क्याचा चोविसावा हिस्सा खाली जातो. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, पण हातापुरतं मिळतं. म्हणून आधार नीट दबला पाहिजे, पण पार बसता कामा नये.

मी प्रत्येक फरशीखाली चार स्प्रिंगा लावल्या, सगळ्या सारख्या दबतील अशा. स्पीकर डुलत राहू नये म्हणून प्रत्येक स्प्रिंगेच्या शेजारी मऊ रबराचा तुकडा ठेवला. ज्यांच्याकडे उंच, उभे स्पीकर आहेत आणि घरात नातवंडं धावतात, त्यांनी हा घरगुती प्रयोग करू नये. स्पीकर कलंडला तर गाणं राहील बाजूला.

आवाज सुधारला का? मला पहिल्याच रात्री वाटलं, स्वर्ग! पण आपण स्वतः घाम गाळून केलेली वस्तू आपल्याला चांगलीच वाटते. शिवाय एक गोम आहे. प्लॅटफॉर्ममुळे स्पीकर तीनचार इंच वर जातो आणि बारीक स्वरांचा छोटा पडदा कानाच्या रेषेत येतो. नुसत्या त्यानंही आवाज खुलतो, आणि श्रेय स्प्रिंगांना जातं. म्हणून आमच्या हिला परीक्षक नेमलं. उंची तीच ठेवायची, कधी स्प्रिंगा तर कधी त्याच उंचीच्या विटा, खालून चादर लावलेली. मी बाहेर थांबायचं, आत येऊन ऐकायचं आणि ओळखायचं. १४ किलोची फरशी वीस वेळा कोणी उचलली, ते विचाराल तर शेजारचा मुलगा मदतीला होता, आणि तो अजून मला टाळतो.

निकाल सांगतो. शोकेसवर दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं. डग्गा आखूड आणि स्वच्छ झाला होता, मागचा तंबोरा सुटा ऐकू येत होता. मग तेच स्पीकर लोखंडी स्टँडवर, स्टँड थेट लादीवर, आणि पुन्हा तीच परीक्षा. दहापैकी सहा. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. काँक्रीटची जमीन स्पीकरच्या धक्क्यानं गाण्यासारखी वाजत नाही, त्यामुळे वरच्या ऐकणाऱ्याला फार काही मिळत नाही. तेव्हा तुमचे स्पीकर शोकेसवर, टेबलावर किंवा गावाकडच्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर असतील तर प्लॅटफॉर्म जरूर करा. भक्कम स्टँडवर, लादीवर असतील तर आधी ते कोपऱ्यातून बाहेर ओढा, भिंतीपासून दोन फूट पुढे आणा, जाड सतरंजी अंथरा. यात काही खर्च नाही आणि फरक मोठा आहे.

मग मी लादीवर ठेवूनही स्प्रिंगा काढल्या का? नाही. कारण परीक्षेचा दुसरा पेपर खालच्या मजल्यावर होता. काकूंची परवानगी घेऊन पुन्हा त्या फळीवर हात ठेवला. विटांवर ठोका लागत होता, स्प्रिंगांवर लागत नव्हता. हवेतून जाणारा आवाज स्प्रिंग अडवत नाही, तो थोडासा खाली जातच होता. मी काकूंना म्हणालो, ‘अजून थोडं ऐकू येतंय, रात्री आणखी लहान ठेवतो.’ तर काका पलंगावरून हळूहळू, शब्द जोडत म्हणाले, ‘गाणं येऊ दे. ठोका नको.’

माझ्या कानांना जो फरक दहा वेळा ऐकूनही सांगता आला नाही, तो त्या माणसाला रोज रात्री कळत होता. स्पीकरखाली काय ठेवावं, हा प्रश्न मी माझ्या खुर्चीत बसून सोडवत होतो. त्याचं अर्धं उत्तर खालच्या मजल्यावर होतं, आणि तिथे जायला मला दोन महिने लागले. काका त्यानंतर दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात रात्री काय लावायचं, ते बऱ्याचदा खालून सांगितलं जायचं. मोदकही परत सुरू झाले.

सर, त्या दिवशी तुम्ही वर्गाला विचारलं होतं, ‘फडक्यानं काय केलं?’ मी हात वर करून म्हणालो होतो, ‘आवाज कमी केला.’ तुम्ही म्हणालात, ‘अर्धा गुण.’ बाकीचं उत्तर आज देतो. फडक्यानं काट्याचा आवाज कमी केला नाही, तो होता तेवढाच होता. त्यानं फक्त टेबलाला त्रास होऊ दिला नाही.

राहिलेला अर्धा गुण द्यावा, ही विनंती.