वेलणकरचा हात

भ्रष्ट पोलीस म्हटला की पोट सुटलेला, टेबलाखालून नोटा घेणारा फौजदार डोळ्यांपुढे येतो. हिंदी चित्रपटांनी तो इतका वापरला की आता त्याचे हसू येते. 'अर्धसत्य'मधला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर तसा नाही. तो पैसे खात नाही, गुंडाला भीत नाही. तरीही तो बिघडतो.

गोविंद निहलानींचा हा चित्रपट १९८३ सालचा. भाषा हिंदी, पण माती मराठी. कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य' नावाची; पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे. ज्योत्स्ना झालेल्या स्मिता पाटीलसमोर वेलणकर जी कविता वाचतो, ती दिलीप चित्रे यांची. वाचता वाचता ओम पुरींचा आवाज जड होत जातो. आम्ही कवी मंडळी संमेलनांतून पुष्कळ कविता वाचतो हो. पण स्वतःचाच पंचनामा वाचतोय असा वाचणारा मी दुसरा ऐकला नाही. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

वेलणकरला पुढे शिकायचे होते. बापाने पोलिसात घातले. बाप स्वतः पोलीस खात्यातला, घरी बायकोवर हात टाकणारा. पोरगा ते पाहत मोठा झालेला. मग समोर येतो रामा शेट्टी. मराठी रंगभूमीवरून आलेल्या सदाशिव अमरापूरकरांनी तो असा उभा केला की त्याला आवाज चढवावा लागत नाही. वेलणकर त्याला पकडायला जातो आणि वरून फोन येतो.

पुढे निलंबनाची वेळ येते, तेव्हा शफी इनामदारांचा इन्स्पेक्टर हैदर अली दिल्लीपर्यंत पोचलेला एक मध्यस्थ शोधून देतो. प्रकरण मिटते. माझ्या मते वेलणकर भ्रष्ट होतो तो इथे. नोट एकही हातात आली नाही, पण उपकार डोक्यावर बसला. नंतर त्याच शेट्टीच्या निवडणूक प्रचाराला त्याला बंदोबस्त द्यावा लागतो.

आमच्या मुकुटबनला हा चित्रपट टीव्हीवर दहा-बारा जणांनी मिळून पाहिला होता. बसमध्ये ज्योत्स्नाची छेड काढणाऱ्यांना वेलणकर झोडपतो तेव्हा घरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग एक किरकोळ चोर कोठडीत येतो. त्याच्याजवळ चोरीचा एक छोटा रेडिओ सापडलेला. शेट्टीवरचा सगळा राग त्या रेडिओवाल्यावर निघतो आणि तो मरतो. हात तोच, मारही तोच. या वेळी घरात कोणी बोलले नाही.

ही मुंबईचीच गोष्ट, असे समजू नका. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडले. देशभर मोर्चे निघाले आणि अखेर कायदा बदलला तो १९८३ मध्ये, 'अर्धसत्य' आला त्याच वर्षी. पारध्यांचे तर विचारूच नका. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सुरू केलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून गेला; चोरी झाली की लोकांचे बोट अजून त्यांच्या बेड्याकडे वळते. 'पोलिसांनी दोन ठेवून द्यायला पाहिजेत,' हे आपणच चहाच्या टपरीवर म्हणतो. त्या दोन कोणाला बसतात? शेट्टीला नाही बसत.

चित्रपटात शेवटी वेलणकर मदत मागायला शेट्टीच्याच दारी जातो, तिथे त्याचा गळा आवळतो आणि ठाण्यात येऊन हजर होतो. लोक त्या खुनावरच बोलतात. रेडिओवाल्याची आठवण कोणी काढत नाही.

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये नियम घालून दिले. अटकेचा कागद तारीख-वेळेसह तिथेच करायचा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचे, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करायची. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितले. तेव्हा पोडावरच्या किंवा बेड्यावरच्या कोणाला रात्री गाडीत घालून नेले, तर लिहिता-वाचता येणाऱ्या एकाने सोबत जावे आणि तो अटकेचा कागद मागावा. साक्षीदाराची सही हवी असेल तर आपली करावी.